साठीवरल्या बायकांत दुसरी

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे पेरू खाल्ला. रविवार होता, सकाळचे साडेआठ वाजले असतील. कान्हेरीच्या लेण्यांखाली आदिवासी बाया टोपल्या घेऊन बसतात. त्यातल्या एकीकडून बायकोने पेरू घेतला, चार फोडी करून वर मीठ-तिखट लावून घेतलं, आणि आम्ही कठड्यावर बसलो. तिथे माकडं फार, म्हणून तिने फोडी ओढणीखाली धरल्या होत्या. मी दोन खाल्ल्या. तिने एक खाल्ली, तीही एकाच बाजूने, सावकाश. चौथी मला दिली. का, ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

तिचा जबडा दुखत होता. चढावर ती दोनदा म्हणाली होती. लेण्यांच्या आधी रस्ता एकदम उभा होतो, तिथे दोन वळणं आहेत. पहिल्या वळणावर म्हणाली, "अहो, थांबा ना जरा. जबडा दुखतोय."

मी म्हटलं, "जबड्याने पळतेस का? चल."

ती हसली. दुसऱ्या वळणावर परत म्हणाली, "खरंच दुखतोय हो. कानापर्यंत जातंय."

"दाढ असेल. उद्या दाखव. आता अर्ध्यावर थांबलीस तर पाय बसतील."

ती थांबली नाही. माझ्या मागोमाग वर आली.

मी पाणी खात्यात चावीवाला होतो. चौतीस वर्षं तेच काम केलं. टेकडीवरच्या टाकीतून खालच्या वस्त्यांना पाणी सोडायचं. रस्त्यातलं झाकण उचलायचं, छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी आत बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. मुकादमाने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. व्हॉल्व हळू उघडायचा, नाहीतर पाइप फुटतो. आणि उघडायला घेतला की पूर्ण उघडायचा. अर्ध्यावर सोडलेला व्हॉल्व थरथरत राहतो आणि आतून खरवडून निघतो. माझी शाळा सातवीत सुटली. या दोन गोष्टींवर मी नोकरी काढली. म्हातारपणी पळायला लागलो तेव्हा चढही तसाच चढायला लागलो. सुरुवात हळू करायची, पण मध्ये थांबायचं नाही. तिलाही तेच शिकवलं. माणसाला हा नियम लागतो की नाही, याचा मी कधी विचार केला नाही.

पळायचं खूळ मुळात तिचं. तिला साखर निघाली, डॉक्टरने चालायला सांगितलं. आमची खोली बोरिवलीला, पूर्वेला, उद्यानाचं गेट पंधरा मिनिटांवर. रोज सकाळी आम्ही दोघं जायचो. आधी ती साडीवर, स्लिपर घालून चालायची. मग मुलीने तिला बूट आणून दिले आणि ती पंजाबी ड्रेसवर आली. एक दिवस माझ्या पुढे निघून गेली. पुढे म्हणजे पळतच. मला राग आला म्हणून मीही पळालो, आणि तिथून ते लागलं. मी अडुसष्टचा, ती बासष्टची. वस्तीतल्या बालवाडीत मदतनीस होती, दिवसभर पोरांच्या मागे पळायची, तेव्हा दम तिला माझ्यापेक्षा जास्त होता.

उद्यानात शर्यत होणार हे तिनेच शोधून आणलं. गेटपासून लेण्यांपर्यंत आणि परत, चौदा किलोमीटर.

मी म्हटलं, "नंबर लावून पळायला आपण काय रेसचे घोडे?"

"तुम्ही खेचर आहात. नका येऊ. मी एकटी नाव देते."

मुलीने मोबाइलवरून दोघांची नावं दिली. माझं पासष्टीवरल्या पुरुषांत, तिचं साठीवरल्या बायकांत. आमची एकच मुलगी. घाटकोपरला राहते, शाळेच्या ऑफिसात काम करते. तीही रविवारी मैत्रिणींबरोबर थोडंफार पळते, पण गुपचूप, जसं काही वाईट काम आहे.

तर तो पेरूचा रविवार शर्यतीच्या पाच आठवडे आधीचा. सोमवारी दुपारी बालवाडीत पोरांना खिचडी वाढताना ती खाली बसली आणि परत उठली नाही. तिथल्या बाईंनी मला फोन केला. मी पोचलो तेव्हा तिला रिक्षात घालत होते. हॉस्पिटलात नेलं तोवर संपलं होतं. मुलगी घाटकोपरहून येईपर्यंत मला आत बसवून ठेवलं. मग एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन आली. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "हार्ट अटॅक होता. आधी काही त्रास होत होता? छातीत, हातात, जबड्यात दुखणं?"

जबडा हा शब्द तिनेच उच्चारला. मुलगी माझ्या शेजारी उभी होती, माझा दंड धरून.

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं, तर भीती वाटली. दुसरं कारण नाही. मी तोंडाचा फटकळ माणूस. वस्तीत पाणी कमी येत असेल तर कमी येणार म्हणून सांगायचो, उगाच येईल येईल करायचो नाही. नगरसेवकालाही तोंडावर बोललोय. जावयाच्या घरचं मटण बेचव होतं तर बेचव म्हटलं, तो अजून काढतो. पण तिथे "नाही" असं निघालं ते निघालं. डॉक्टरणीने लिहून घेतलं. पुढे गेलं.

आमच्यात तेरावं, पिंड, कावळा असलं काही नाही. आम्ही बौद्ध. सातव्या दिवशी पुण्यानुमोदन ठेवलं. पांढरे कपडे, तिचा फोटो, वंदना झाली, आणि मग रीतीप्रमाणे एकेकाने उठून तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. बालवाडीच्या बाई बोलल्या, वस्तीतली मंडळी बोलली. माझ्या धाकट्या भावाने वीस मिनिटं घेतली, त्यात पंधरा स्वतःबद्दलची. मग मुलगी उठली. म्हणाली, "आईला शेवटपर्यंत काही त्रास झाला नाही. आदल्या दिवशी कान्हेरी चढून आली होती. असं मरण नशीबवानाला येतं." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यानंतर जो उठला तो हेच बोलला. काही त्रास झाला नाही, काही त्रास झाला नाही. मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "चांगली होती," आणि बसलो. लोक म्हणाले, म्हातारा खचलाय.

एक "नाही" मी म्हटलं होतं, ते सात दिवसांत तीस जणांच्या तोंडी गेलं. मुलगी फोनवर नातेवाइकांना हेच सांगायची आणि शेवटी म्हणायची, "तेवढंच समाधान." हे समाधान मी तिच्याकडून काढून घ्यायचं की नाही, हाच प्रश्न होता. महिनाभर रोज सकाळी मी ठरवायचो की आज सांगायचं. संध्याकाळी तिचा फोन यायचा, जेवलात का विचारायची, मी जेवलो म्हणायचो.

शर्यतीच्या चार दिवस आधी ती नंबर घेऊन आली. दोन्ही नंबर. कागदाचे, मागे वेळ मोजायची चिप चिकटवलेली.

"पप्पा, मी आईच्या नंबरावर पळते."

"चालत नाही तसं."

"कोण बघतंय? आईचं नाव दिलंय, ते पळू दे ना. तुम्ही येणार की नाही तेवढं सांगा."

आधीचा मी असतो तर सरळ नाही म्हटलं असतं. लबाडी आहे म्हटलं असतं. पण त्या महिन्यात तिला कशालाच नाही म्हणवत नव्हतं. ती भाजी आणायची, मी खायचो. ती म्हणाली आईच्या साड्या मी नेते, मी म्हटलं ने. हेही तसंच झालं. म्हटलं, "पळ."

शर्यत सकाळी सहाला सुटली. गेटपाशी हीऽ गर्दी. सगळे तरणे, अंगात चकचकीत बनियन, हातात घड्याळं. मी खात्याचा जुना खाकी शर्ट घालून गेलो होतो, बाह्या कापून. एक पोरगा म्हणाला, "अंकल, झकास." मी त्याला म्हटलं, "पुढे बघ, पडशील."

पहिले तीन-चार किलोमीटर रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना झाडं, मधे नाल्यावरचे पूल. तिथेच लोक फसतात. सपाट दिसतं म्हणून धावतात, पण रस्ता कळत नकळत वर जात असतो. मी सगळ्यांना जाऊ दिलं. मुलगी थोडा वेळ माझ्याबरोबर राहिली.

"पप्पा, एवढं हळू? चालणारे पुढे गेले."

"जाऊ दे त्यांना. वर भेटतील."

"मी जाऊ?"

"जा. वर पहिल्या वळणापर्यंत दम राखून ठेव."

ती गेली. तिच्या पाठीकडे बघत होतो. तिची चाल आईसारखी नाही, माझ्यासारखी आहे, पाय बाहेर टाकते. पाचव्या किलोमीटरनंतर पुढे गेलेली पोरं एक एक करून दिसायला लागली. कुणी कमरेवर हात ठेवून, कुणी कठड्याला धरून. पाण्याच्या टेबलावर मी दोन घोट घेतले, अर्धा पेला डोक्यावर ओतला. मग तो उभा चढ आला.

चढाला पाऊल लहान करायचं. मान खाली, नजर दहा हात पुढे, वर बघायचं नाही. मांड्या भरून येतात, छातीत भाता चालतो, पण पाऊल मोडायचं नाही. पहिल्या वळणावर आलो आणि मी थांबलो. ठरवून नाही. पाय दुखत नव्हते, दमही शिल्लक होता. तिथे एक स्वयंसेवक मुलगी उभी होती, ओरडली, "काका, थांबू नका, थोडंच राहिलंय." मी तिला म्हटलं, "थांबू दे गं." कठड्याला हात लावून उभा राहिलो. पळणाऱ्यात जितका वेळ कुणी थांबत नाही तितका वेळ थांबलो. काही झालं नाही. पाय बसले नाहीत. परत निघालो तर पाय पहिल्यासारखेच चालायला लागले, उलट हलके झाले होते. हे मला तिथे कळलं, की दोन मिनिटं थांबल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या वळणावरही थांबलो. मग वर गेलो, लेण्यांपाशी बांधलेल्या दोरीला वळसा घातला आणि उतरायला लागलो.

उतार लोकांना सोपा वाटतो. म्हाताऱ्याला विचारा. प्रत्येक पाऊल गुडघ्यात वाजतं, अंगठा बुटाच्या टोकात शिरतो. वाट लागली गुडघ्यांची. पण उतारावर मुलीचा विचार करायला वेळ मिळाला, आणि शेवटचे चार किलोमीटर मी एकच वाक्य मनात जुळवत आलो. तिच्या जबड्यात दुखत होतं आणि मला माहीत होतं. एवढंच वाक्य. गेटपाशी पोचलो तेव्हा घड्याळ दोन तास दाखवत होतं. मुलगी कधीच आली होती. गळ्यात पूर्ण केल्याचं पदक, हातात केळं, चेहरा लाल. तिने मला मिठी मारली. महिन्यात पहिल्यांदा ती मोकळी हसत होती. म्हटलं, आज नको. घरी गेल्यावर.

चहा पीत उभे होतो तेवढ्यात माइकवरून बक्षिसं पुकारायला सुरुवात झाली. साठ वर्षांवरील महिला, पहिला क्रमांक, कुणी तरी पुढे गेलं. दुसरा क्रमांक. त्याने नंबर वाचला आणि मग बायकोचं नाव घेतलं. पूर्ण नाव, म्हणजे मधे माझं आणि शेवटी आडनाव. चिपला काय माहीत छातीवर नंबर कुणी लावलाय. मुलगी अडतिसाची, ती साठीच्या बायकांपुढे येणारच होती. हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्हाला वाटलं होतं, नाव पळेल आणि संपेल.

मुलगी माझ्याकडे न बघता पुढे गेली.

माइकवाला गमत्या होता. "अरे वा, साठीच्या ताई! कुठल्या चक्कीचं पीठ खाता, आम्हालाही सांगा." लोक हसले. मुलगीही हसली, आणि तिने मान खाली करून पदक घालून घेतलं.

माझ्या शेजारी एक उंच बाई उभी होती. वेसाव्याची कोळीण, मासे विकते, शर्यत सुरू व्हायच्या आधी तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं. ती चौथी आली होती, आणि बक्षिसं तिघींनाच होती. मुलगी खाली उतरली तशी ती म्हणाली, "काय गो पोरी, तू साठ वर्सांची? मंग मी तुजी पणजी झाले."

बाई माझ्याकडे वळली. "बायको काय ही तुमची?"

"मुलगी."

"मंग बायको कुटं हाय?"

"मेली. महिना झाला. नंबर तिचा आहे."

बाई परत वळली. मग मुलीच्या गळ्यातलं पदक तिने नीट सरळ केलं, माळ सरळ करतात तसं, आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. घाल तू. मना काय, पुडल्या वर्सी येन."

तिथे विषय संपला असता. बाईने सोडून दिलं होतं. पण मी माइकवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, "तो नंबर माझ्या बायकोचा. ती वारली. तिच्या नंबरावर आमची मुलगी पळाली. चूक आमची आहे. त्या उंच बाईंना त्यांचं बक्षीस द्या." तो गडबडला. म्हणाला, "काका, आपण मावशींसाठी सगळे मिळून टाळ्या..." मी म्हटलं, "टाळ्या नकोत. पदक परत घ्या." मुलीने ते गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि सरळ गेटबाहेर चालायला लागली.

रिक्षांच्या रांगेपाशी मी तिला गाठलं. माझे पाय आखडले होते, ती मुद्दाम भरभर चालत होती.

"त्या बाईने स्वतः राहू दे म्हटलं होतं, पप्पा."

"तिने म्हटलं. आपण घ्यायचं नव्हतं."

"आईला जन्मात काही मिळालं नाही. एक पदक मिळत होतं."

"आईला नव्हतं मिळत. तुझ्या पायांना मिळत होतं."

"हो. तुम्हाला खरं बोलायचं असतं ना. चारचौघांत, माइकवर. समोरच्याचं काही होवो. आईशीपण असंच. एक गोड शब्द नाही कधी." मग तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एकदा खोटं बोलला असता तर काय झालं असतं?"

मी तोंड उघडलं. उतारावर जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. रिक्षावाला म्हणाला, "बैठना है क्या?" आणि ती बसून गेली.

चूक माझीच होती. ज्या माणसाशी खरं बोलायचं होतं त्याच्याशी बोललो नाही, आणि जिथे कुणाचं काही अडलं नव्हतं तिथे जाऊन बोलून आलो. मला पदकाचं काही नव्हतं. पण बायकोच्या नावावर आणखी एक खोटं चढताना पाहिलं आणि राहवलं नाही. पहिलं माझं होतं, हे तिला कुठे माहीत.

घरी आलो. पाय गरम पाण्यात बुडवले, भात-आमटी केली, जेवलो. संध्याकाळी तिचा फोन आला नाही. महिन्यात पहिल्यांदाच. मी केला असता तर तिने उचलला असता, पण हे फोनवर सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला उठलो. मांड्या लाकूड झाल्या होत्या. आंघोळ करून मेट्रोने अंधेरीला आलो, तिथून दुसऱ्या मेट्रोने घाटकोपर. मुलीची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, ती तिसऱ्या मजल्यावर. कठडा धरून आडवा-आडवा चढलो, प्रत्येक मजल्यावर थांबून. पावणेआठ झाले होते. ती आठला निघते.

दार तिनेच उघडलं. एका हातात डबा, केस अजून ओले. मला बघून घाबरली. "काय झालं? बरं वाटत नाहीये?"

"मी बरा आहे."

"मग आत या. चहा टाकते."

"चहा नको. आधी ऐक." चप्पल न काढता मी दारातच सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी चढावर तुझी आई म्हणाली होती, जबडा दुखतोय. दोनदा म्हणाली. मी तिला थांबू दिलं नाही. आणि डॉक्टरणीने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं, तुझ्यादेखत.

तिने डबा चपलांच्या कपाटावर ठेवला. आतून जावई म्हणाला, "कोण आहे?" तिने मोबाइल काढून ऑफिसात फोन केला, आज उशिरा येते म्हणाली, आवाज अगदी नेहमीसारखा. फोन ठेवला आणि दारातून बाजूला न होता विचारलं, "कुठल्या वळणावर म्हणाली?"

"पहिल्या. मग दुसऱ्या."

"सगळं सांगा. पहिल्यापासून. तुम्ही तिला काय म्हणालात तेही."

मी कठड्याला टेकलो आणि त्या रविवारी सकाळी आम्ही घरातून निघालो तिथपासून सांगायला लागलो.